लोखंडाच्या नाही

(युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आलिम नाही, संस्कृतचा पंडितही नाही. तरीही आज हिंदू तत्त्वज्ञानातल्या एका कल्पनेवर बोलणार आहे: ईश्वर चराचरात आहे. त्याला कारण माझी एक जुनी चूक.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. खंडेनवमीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनला झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. माझा रूममेट हात जोडून उभा होता. बाहेर पडताना मी हसत म्हणालो, "काय रे, लोखंडाच्या पाया पडतोस?" तो एवढंच म्हणाला, "लोखंडाच्या नाही." आणि पुढे निघून गेला.

हाच मुलगा रमजानमध्ये स्वतःच्या मोबाईलवर अलार्म लावून मला सहरीला उठवायचा. पुढच्या रमजानलाही त्याने उठवलं. मी जे बोललो त्याचा विषय त्याने कधी काढला नाही. पण "लोखंडाच्या नाही, मग कशाच्या?" हे तेव्हा मी विचारायला हवं होतं, ते मात्र राहून गेलं. आमच्या धंद्यात डॉक्युमेंटेशन न वाचता बग रिपोर्ट टाकणारा माणूस कुणालाच आवडत नाही. मी तेच केलं होतं. वाचायला बसलो तेव्हा नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती.

छांदोग्य उपनिषदात एक बाप-लेक आहेत, उद्दालक आरुणी आणि श्वेतकेतू. पोरगा बारा वर्षं शिकून गर्वाने घरी आलेला. बाप त्याला रात्री पाण्यात मीठ टाकायला लावतो आणि सकाळी ते परत मागतो. मीठ सापडत नाही. मग वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला सांगतो. सगळीकडे खारट. दिसत नाही, पण आहे. तसंच ते सत् सगळ्यात आहे, असं बाप समजावतो.

बृहदारण्यकात याच उद्दालकाला याज्ञवल्क्य 'अंतर्यामी' समजावून सांगतो: तो पृथ्वीच्या आत राहून तिला चालवतो, पण तो पृथ्वी नव्हे, आणि पृथ्वीला त्याची ओळखही नाही. हे वाचताना मी थांबलो. माझा रूममेट दोन शब्दांत हेच सांगून गेला होता.

बरं, हिंदू विचारवंतांचं तरी यावर एकमत आहे का? नाही. शंकराचार्य म्हणतात, ब्रह्म एकच, भेद दिसतो तो अज्ञानामुळे. रामानुज म्हणतात, जग खरंच आहे आणि ते ईश्वराचं शरीर आहे. मध्वाचार्य म्हणतात, ईश्वर आत वसतो, पण जीव आणि जग त्याच्याहून कायमचे वेगळे. म्हणजे "हिंदू दगडाला देव मानतात" या आपल्या एका वाक्यात शेकडो वर्षांचा वाद आपण गुंडाळून टाकतो.

आपल्याकडेही असाच वाद झाला. १२४० मध्ये दमास्कसला वारलेले इब्न अरबी यांच्या विचाराला पुढे 'वहदतुल वुजूद' हे नाव मिळालं: खरं अस्तित्व एकच, अल्लाहचं. सरहिंदचे शेख अहमद यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, ही एकता साधकाच्या अनुभवातली आहे. निर्माता आणि निर्मिती एक होत नाहीत. तेव्हा "आमचं सोपं, त्यांचं गोंधळाचं" असं म्हणण्याआधी दोन्ही घरांतली चर्चा ऐकायला हवी.

ती ऐकणारे आपल्यात होऊन गेले. दारा शुकोहने काशीचे पंडित बोलावून १६५७ मध्ये सुमारे पन्नास उपनिषदं फारसीत आणली, 'सिर्र-ए-अकबर' या नावाने. त्यावरून १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर निघालं आणि तेच जर्मनीत शोपेनहॉवरच्या हाती पडलं. आणि एवढं दिल्लीला तरी कशाला जायचं? आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहिला. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा सांगते.

आता मुद्द्याचं. "सगळं एकच आहे, फरक काहीच नाही," असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी तौहीद मानतो. आमच्या ऑफिसात दसऱ्याला लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतात. मी पूजा करत नाही, हात जोडत नाही. फुलं आणायला मात्र मीच जातो आणि पूजेच्या वेळी गप्प, आदराने उभा राहतो. फरक ठेवूनही आदर करता येतो. त्यासाठी समोरचा काय मानतो हे आधी नीट माहीत असावं लागतं.

आणि ही कल्पना नुसती गोड नाही, ती हिशेब मागते. ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र हे सगळं जग ईश्वराने व्यापलेलं आहे असं सांगतो आणि त्याच दमात दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको असंही बजावतो. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये त्रावणकोर संस्थानाने मंदिरं दलितांना खुली केली. पुढच्या जानेवारीत गांधीजी तिथे फिरले आणि सभांमधून याच मंत्रावर बोलले. त्यांना दाखवायचं होतं ते साधं होतं: देव सगळ्यांत असेल तर दाराबाहेर कुणाला ठेवणार? आपल्या पंढरपुरात मात्र हाच प्रश्न सोडवायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. चराचरात देव पाहणाऱ्या समाजाला शेजारचा माणूस दिसायला इतकी वर्षं लागली.

हा प्रश्न मलाही विचारायचा आहे. पुण्यात भाड्याचं घर शोधताना फोनवर सगळं ठरायचं, मग मी नाव सांगायचो आणि पलीकडे शांतता. देव चराचरात असेल तर माझ्या नावापाशी येऊन तो का थांबतो? हे विचारण्याचा मला हक्क आहे, कारण त्यांचं तत्त्वज्ञान मी आता वाचलं आहे.

पण तोच हिशेब मलाही द्यावा लागेल. नमाजच्या सफमध्ये आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि मुलीचं स्थळ आलं की पहिला प्रश्न, "बिरादरी कोणती?" अल्लाह माणसाच्या मानेतल्या शिरेपेक्षाही जवळ आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग ज्या माणसाच्या तो इतका जवळ आहे, त्याला आपण लांब कसं बसवतो?

मागच्या वर्षी मी त्या रूममेटला फोन करून माफी मागितली. त्याला तो प्रसंग आठवतच नव्हता. निदान तो तसं म्हणाला. मग हसून विचारलं, "सहरीला आता कोण उठवतं रे?"

तुम्हाला एकच काम सांगतो. घरी गेल्यावर एखाद्या हिंदू मित्राला विचारा, "तू हात जोडतोस तेव्हा नेमकं काय मनात असतं?" विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग तो तुम्हाला नमाजबद्दल विचारेल. त्याचं उत्तर तयार ठेवा.