अठरापैकी अठरा



क्रीडा विभागाची बक्षिसं आत्ताच देऊन झाली. विजेत्यांचं मनापासून अभिनंदन. आता मला बोलायचंय ते त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या तुम्हा सगळ्यांशी.

डिसेंबर 1891. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची एक लहानशी प्रशिक्षणशाळा होती. हिवाळ्यामुळे मैदान बंद, आणि आत त्याच त्या कवायतीला कंटाळलेला 18 जणांचा वर्ग. त्यांचे शिक्षक जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकून आलेले. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फुटांवर पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, 13 नियम लिहून लावले आणि खेळ सुरू केला. बास्केटबॉलचा तो पहिला सामना! आज एका बाजूला पाच खेळाडू असतात, त्या दिवशी नऊ होते, कारण वर्गात अठरा मुलं होती. निवड चाचणी झाली नाही, कोणी राखीव बसलं नाही. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, हा नियमही धक्काबुक्की टळावी म्हणून केलेला. मला या सगळ्या गोष्टीत तो नऊचा आकडा फार मोलाचा वाटतो.

त्याच शाळेत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकला ते भारतीय संघासोबत गेले होते.

आपलं वऱ्हाड मात्र त्यांची वाट पाहत थांबलं नव्हतं. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्येच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलं होतं. 1936 च्या ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्यांनी जगापुढे करून दाखवले. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला, आणि म्हातारे नेस्मिथ तो पाहायला हजर होते. मद्रासची संस्था येशूच्या नावानं चाललेली, अमरावतीची हनुमंताच्या. दोघींनीही खेळ शिकवणारी माणसं तयार केली, आणि ती माणसं गावोगावच्या शाळांत गेली. हे काम मला पदकांपेक्षा मोठं वाटतं.

ते मंडळ इथून, अकोल्याहून, शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरीही आपल्या कॉलेजांत खेळ म्हणजे निवडलेले दहा-बारा जण, असंच होऊन बसलंय. मुलींच्या वाट्याला तर बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांच्या खुर्च्याच येतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून प्राचार्य सर, तुमच्याकडे एक मागणं आहे. संघात नसलेल्या मुलामुलींसाठी मैदान रोज सकाळी साडेपाचला उघडा. आपल्या उन्हाळ्यात तीच वेळ धड असते. साहित्याच्या खोलीची किल्ली दर आठवड्याला एका वर्गाकडे द्या. पहिला आठवडा कोणत्या वर्गाचा, ते आज इथेच जाहीर झालं तर मला फार आनंद होईल.