माघात मोजलेलं गाव

आम्ही दाभोशाहून बोलतोय, बचत गटाच्या बाया. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब सांगितला होता, आज माणसांचा हिशेब सांगायचा आहे.

सुरुवात झाली अंगणवाडीवरून. ओहोळापलीकडच्या पाड्यावरची लेकरं पावसाळ्यात इकडे येऊ शकत नाहीत, पाणी चढतं. म्हणून तिकडे वेगळी मिनी अंगणवाडी मागायला आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेब वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "ताई, लोकसंख्या किती? आदिवासी भागात मिनी अंगणवाडीला 150 ते 300 माणसं लागतात, मोठीला 300 ते 800." आम्ही म्हणालो, खूप माणसं आहेत. ते म्हणाले, "खूप हा आकडा नाही. कागद आणा."

परत येताना जीपमध्ये सगळ्या गप्प. मग एकीला आठवलं, जनगणनेचे आकडे सरकारनेच सगळ्यांसाठी खुले ठेवलेत, पैसे पडत नाहीत. आमच्यातली एक बीए झालेली आहे, पण ते शोधायचे कसे हे बीएला कुणी शिकवलं नव्हतं. दाभोशात नेटवर्क येतं-जातं. म्हणून बाजाराच्या दिवशी जव्हारला गेलो, तिथे एका कॉम्प्युटरवाल्या भावाकडे बसलो.

सेन्सस इंडिया डॉट गव्ह डॉट इन, हे जनगणनेचं सरकारी संकेतस्थळ. त्यावर 2011 निवडलं, महाराष्ट्र निवडला आणि जिल्ह्यांत पालघर शोधायला लागलो. पालघर नाहीच! तासभर गेला. भाऊ म्हणाला, बिघडलंय बहुतेक. बिघडलं काही नव्हतं. आपला पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, आणि मोजणी झाली 2011 ला. तेव्हा आपण ठाण्यात होतो. 1 कोटी 10 लाख माणसांचा ठाणे जिल्हा, देशात सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या एका कोपऱ्यात जव्हार नि मोखाडा. तुम्ही शोधाल तेव्हा ठाण्यातच शोधा, तासभर वाचेल.

ठाण्याची जिल्हा जनगणना पुस्तिका मिळते, तिचे दोन भाग आहेत. फाइल जड आहे, मोबाइलच्या डेटावर उतरवू नका. दुसऱ्या भागात प्रत्येक गावाची एक ओळ असते: घरं किती, बाया-पुरुष किती, सहा वर्षांपर्यंतची लेकरं, आदिवासी किती, शिकलेले किती, काम करणारे किती. सगळं इंग्रजीत. गावाचं स्पेलिंग आपण लिहितो तसं असेलच असं नाही, म्हणून तालुका पकडून एकेक नाव वाचत जायचं. नावापुढे गावाचा सहा आकडी नंबर असतो, तो वहीत उतरवून घ्या. एका नावाची दोन गावं असली तरी नंबर एकच नसतो.

पहिल्या भागात सोयी आहेत. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता. जिथे सोय नाही तिथे इंग्रजी ए, बी, सी लिहिलंय. ए म्हणजे ती सोय 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे 10 च्या पुढे. ती सी अक्षरं पाहून आमची एक आजी म्हणाली, "बाळंतिणीला डोलीत घालून किती वेळ लागतो ते नाही लिहिलं व्हय यात?" नाही लिहिलं, आजी.

आता खरी गोष्ट. आपली ओळ सापडली. आकडा पाहिला आणि सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं, एवढेच? आम्ही तर नाव घेऊन घेऊन मोजतो. आधी वाटलं मोजणाऱ्याने घरी बसून लिहिलं असेल. मग तारखा पाहिल्या. 2011 ची माणसं मोजली 9 ते 28 फेब्रुवारीला. म्हणजे माघ महिना. माघात आपली माणसं कुठे असतात, तुम्हाला सांगायला नको. भात झोडून झालं, दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतली की पाडे रिकामे. भिवंडी, वसई, शहापूर, सगळ्या वीटभट्ट्यांवर. परत येतात शिमग्याला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर.

जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या दिवसांत जो एकदाही घरी आला नाही त्याला घरच्या गावात मोजत नाहीत, जिथे सापडेल तिथे मोजतात. नियम वाईट नाही, नाहीतर एक माणूस दोनदा लागेल. पण आपली अख्खी कुटुंबं भट्टीवरच्या झोपडीत. तिथे मोजली असतील तर त्या गावात मोजली. झोपडीपर्यंत कुणी गेलंच नसेल तर कुठेच नाही. आणि ओहोळ जेव्हा चढतो तेव्हा ती सगळी लेकरं इथेच असतात.

दुसरं एक कळलं. जनगणना गाव मोजते ते महसुली गाव, तलाठ्याच्या दप्तरातलं. पाड्यांची वेगळी ओळ नसते. गावाचे सगळे पाडे मिळून एक आकडा. आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी भागातल्या वस्तीला 250 माणसं धरतात, नव्या टप्प्यात 2011 चा आकडा धरून. मग पाड्याचा आकडा आणायचा कुठून?

तो आम्हीच केला. आधी देवळापुढच्या अंगणात रांगोळीने ओहोळ, रस्ता, विहिरी, पाडे काढले. म्हाताऱ्या माणसांना नकाशा असाच कळतो, कागदावरचा नाही. मग घर घर जाऊन वही भरली. रकाने दोन ठेवले: श्रावणात घरात किती, माघात किती. श्रावणाचा रकाना भरलेला, माघाच्या रकान्यात खाली खाली "भट्टीवर", "भट्टीवर". लिहिणारीचा हात थांबायला लागला. एका घरी तर कुडाच्या दाराला काटक्या लावलेल्या, शेजारणीने माणसं सांगितली.

मग प्रत्येक पाड्यावर मोबाइल घेऊन गेलो. गूगल मॅपवर आपण उभे आहोत तिथे बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, आधी जव्हारला आपल्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा म्हणजे झालं. हे आकडे कॉम्प्युटरवर गूगलच्याच माय मॅप्समध्ये घातले. पहिल्यांदा आमचा एक पाडा नॉर्वेच्याही वर, थंडगार समुद्रात जाऊन पडला! अक्षांश-रेखांश उलटे घातले होते. आपल्याकडचा अक्षांश 20 च्या आसपास, रेखांश 73 च्या पुढे, एवढं ध्यानात ठेवा. दुरुस्त केल्यावर प्रत्येक पाड्याच्या खुणेवर टिचकी मारली की घरं आणि श्रावणातली माणसं दिसतात. लोकांची नावं मात्र नकाशावर घालायची नाहीत, ती वहीतच राहू द्या.

छापलेला नकाशा, दोन रकान्यांची वही आणि पुस्तिकेतली आपली ओळ, असे तीन कागद ग्रामसभेत ठेवले. ग्रामसभेचा ठराव जोडून पुन्हा त्याच कार्यालयात गेलो. साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली, म्हणाले जनगणनेचाच आकडा लागेल, पण हेही वर पाठवतो. अंगणवाडी अजून झालेली नाही. हे खोटं सांगणार नाही.

पण जनगणनेचाच आकडा लागत असेल तर पुढचा आकडा चुकवून चालणार नाही. 2021 ची मोजणी कोरोनामुळे राहिली. आता माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 ला आहे. पुन्हा माघच. या वेळी जात-जमातही सगळ्यांची लिहिणार आहेत. म्हणून प्रत्येक गटाला आमचं सांगणं आहे. दिवाळीआधीच्या बैठकीत लिहून ठेवा, कोण कोणत्या भट्टीवर, कोणत्या तालुक्यात चाललंय. जाणाऱ्या बाईला सांगा, तिथे मोजणारा आला नाही तर मालकाला विचार, तिथल्या शाळेच्या गुरुजींना विचार. तान्ह्या लेकराचंही नाव सांग. बोली वारली असेल, कातकरी असेल तर तीच सांग. आणि "ही काय करते" असं विचारलं की नवऱ्याला "घरीच असते" म्हणू देऊ नको. आपल्या शेतात लावणी केली, भट्टीवर चिखल तुडवला, हे काम आहे, पैसे हातात आले नाहीत तरी काम आहे.

मोजणीच्या दिवसांत जी माणसं एखाद्या दिवसासाठीही घरी येतील त्यांना इथे लागू द्या, पण मग तिथे पुन्हा नाही. ज्या गटाला वहीचा नमुना हवा असेल त्यांनी मंगळवारी बैठकीला या. येताना दोनशे पानी वही आणा, रेघा आम्ही मारून देतो.