दोन केबल, पण वेग एकीचाच

इस्पितळ असो वा बँक, आज एकेका सर्व्हरवर वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन सुखाने नांदतात. त्यांच्या डिस्क मात्र बहुधा त्या सर्व्हरमध्ये नसतात; त्या असतात शेजारच्या रॅकमधल्या स्टोरेज अ‍ॅरेमध्ये. मधलं अंतर नेटवर्कने ओलांडायचं. आयस्कझी हा प्रोटोकॉल २००४ साली प्रमाणित झाला आणि डिस्कचं लिहिणं-वाचणं साध्या इथरनेटवरून होऊ लागलं.

एक गिगाबिटची केबल कमी पडली, की आपण दुसरी जोडतो आणि स्विचवर दोघींची मोट बांधतो. वेग मात्र दुप्पट होत नाही. कोणतं पाकीट कोणत्या केबलने धाडायचं, हे स्विच पत्त्यांवरून ठरवतो. पाठवणारा तोच, घेणारा तोच, म्हणून केबलही दर वेळी तीच. पाकिटांचा क्रम बिघडू नये म्हणून हे मुद्दाम तसं केलेलं आहे. मग रात्री बॅकअप सुरू झाला, की एक केबल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास तुडुंब भरते आणि दुसरीवरचा दिवा कधीतरीच लुकलुकतो.

यावर खरा इलाज मल्टिपाथिंगचा. सर्व्हरच्या दोन्ही नेटवर्क कार्डांना स्वतंत्र पत्ते द्यायचे आणि अ‍ॅरेच्या वेगवेगळ्या पोर्टांशी वेगळी सत्रं जोडायची. मग एकाच डिस्ककडे जाणाऱ्या या दोन वाटा आहेत, हे सर्व्हरला कळतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये राउंड रॉबिन, म्हणजे आळीपाळीची पद्धत, निवडलं, तर एका वाटेने हजार आज्ञा गेल्यावर पाळी बदलते. हा आकडा एकवर आणावा, असं अनेक अ‍ॅरे बनवणारे सुचवतात, आणि ते ऐकण्याजोगं आहे. २०१८ पासून तर कोणत्या वाटेवर उशीर होतोय, हे मोजून वाट निवडण्याचीही सोय झाली आहे.

भार सारखा वाटला गेला, की पुष्कळजण निर्धास्त होतात. मला काळजी वाटते ती तिथेच. दोन्ही वाटा सत्तर टक्के भरलेल्या असतील आणि एक स्विच बंद पडला, तर उरलेल्या वाटेवर एकशे चाळीस टक्के काम येऊन आदळतं. डिस्कचं उत्तर वेळेत येत नाही, आणि लिनक्सची मशीनं आपली फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवून लिहिणं थांबवतात. इस्पितळाची नोंदणी त्या मशीनवर असेल, तर खिडकीपुढची रांग तिथेच अडते. म्हणून दोन्ही केबल वेगवेगळ्या स्विचमध्ये लावा, ऐन गर्दीच्या वेळीही प्रत्येक वाट निम्म्याहून कमी भरलेली राहील असं बघा, आणि ठरवून एखाद्या रविवारी एक केबल स्वतः काढून पाहा.