मांजराच्या वाटीचे माप

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बडोदे येथे भरलेल्या सभासदांच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात आम्हीही चार शब्द बोलावेत, असा निरोप घेऊन कार्यवाह घरी आले, तेव्हा त्यांनी विषय विचारला. आम्ही ‘मांजराचे खाणे’ असे सांगताच त्यांनी हातातली वही मिटली. आम्ही थट्टा करीत आहोत, असे त्यांना वाटले असावे. परंतु आम्ही थट्टा करीत नव्हतो, आणि आजही करीत नाही.

गेल्या वर्षी आपल्या कोठीघरात, धान्याच्या रिकाम्या पोत्यांवर, एका मांजरीने चार पिले दिली, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पिले दोन महिन्यांची झाल्यावर ती चारही सभासदांच्याच घरी गेली. त्यांतले एक आमच्याकडे आले. ती पिले आता वर्षाची होत आली आहेत. या वर्षात देवळात, भाजीबाजारात, एवढेच काय पण लग्नाच्या पंगतीतही, आम्हांला एकच प्रश्न विचारला गेला: ‘काका, तुम्ही तुमच्या मांजराला किती घालता?’ त्या प्रश्नाचे उत्तर एकदा सर्वांसमक्ष द्यावे, एवढाच आजचा हेतू आहे. हे उत्तर आम्ही पुस्तकातून प्रथम शिकलो नाही. ते आम्हांला एका जिवाची किंमत देऊन शिकावे लागले. म्हणून आधी ती हकीगत सांगतो.

या पिलाच्या आधी आमच्याकडे चिंगी नावाची मांजर होती. ती आली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती. वाढते पोर म्हणून सगळे घर तिला भरवू लागले. पहाटे चहाच्या वेळी आम्ही दुधाची वाटी ठेवीत असू. स्वयंपाक करता करता आमच्या सौभाग्यवती साय घालीत. दुपारी सूनबाई दुकानातले कोरडे खाणे देई. नातू शाळेतून आला की स्वतःच्या बशीतले अर्धे तिच्यापुढे सरकवी. प्रत्येकाला वाटे, आपणच तेवढे तिला घालतो! सहाव्या महिन्यात तिची, पिले होऊ नयेत म्हणून, शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर तिची भूक वाढली, तसे आम्हीही वाढवीत गेलो. शेजारीपाजारी म्हणत, ‘काय गुटगुटीत आहे हो तुमची चिंगी!’ आणि आम्ही ती आमचीच स्तुती समजत होतो.

तीन वर्षांची झाली तेव्हा चिंगी सात किलोंची होती. ओसरीवरच्या झोपाळ्यावर तिला उडी मारता येईना. स्वतःची पाठ चाटण्यापुरती मान वळेना. तेव्हा कुठे आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बजावून सांगितले, ‘काका, खाणे कमी करायचे, पण हळूहळू. महिने लागतील.’ आम्ही ‘कमी करायचे’ एवढेच ऐकले. दुसऱ्या दिवसापासून एकदम निम्मे केले, आणि तेही नव्या प्रकारचे. चिंगीने त्याला तोंड लावले नाही. आम्ही म्हटले, भूक लागली की खाईल. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, आणि कानांच्या आतली कातडी व हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या.

लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी सुटून यकृतात जाऊन साचते आणि यकृत काम करीनासे होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. माणूस एकादशी करतो, चातुर्मासात एकभुक्त राहतो. मांजराला ते मानवत नाही. डॉक्टरांनी नळीने खाणे घातले, सुया दिल्या, शक्य ते सारे केले. अकराव्या दिवशी चिंगी गेली. दोष डॉक्टरांचा नव्हता आणि तिचा तर नव्हताच. आधी तीन वर्षे न मोजता घातले, आणि मग न मोजता तोडले. दोन्ही वेळा हात आमचाच होता.

पुढे काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो आणि म्हटले, ‘आता आमच्याकडे मांजर नाही. पण आमचे कुठे चुकले ते समजावून सांगा.’ त्या भल्या गृहस्थांनी कागद पुढे ओढला आणि आकडे मांडले. तेच आकडे आज आपणांपुढे ठेवतो.

पिलू जन्मते तेव्हा सुमारे १०० ग्रॅमचे असते. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला साधारण अर्धा किलो, किंवा त्याहून थोडे कमी, असे ते वाढते. म्हणजे दोन-अडीच महिन्यांचे पिलू सुमारे एक किलोचे. या वयात त्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. पाच महिन्यांचे होईतो ही गरज किलोमागे १३० च्या आसपास येते, सात महिन्यांना १०० च्या आसपास. वर्षाचे झालेले, शस्त्रक्रिया झालेले, घरातच राहणारे मांजर असेल तर किलोमागे ५० ते ६० उष्मांक त्याला पुरतात.

आता गुणाकार करू. एक किलोच्या पिलाला दिवसाला २००. पाच महिन्यांच्या, दोन किलोंच्या पिलाला २६०. सात महिन्यांच्या, पावणेतीन किलोंच्या मांजराला २७५. आणि वर्षाच्या, चार किलोंच्या मांजराला? २०० ते २४०! म्हणजे पिलाच्या चौपट वजनाचे मांजर जवळजवळ पिलाएवढेच खाते. हा आकडा ऐकून आम्ही थक्क झालो. आमची समजूत अशी की जनावर मोठे होत जाईल तशी वाटीही मोठी होत जावी. खरे पाहता वाटी काही महिने वाढते, साधारण सहा-आठ महिन्यांच्या सुमारास भरात येते, आणि नंतर तिला थोडे उतरावे लागते. नेमकी तीच पायरी आम्ही चिंगीच्या वेळी चुकलो होतो.

असे का होते, तेही डॉक्टरांनी सांगितले. पिलाचे खाणे हाडे, मांस आणि केस घडवण्यात खर्च होते, शिवाय ते दिवसभर धुडगूस घालते. वाढ पुरी झाली की घडणावळ थांबते. राहते ती केवळ देखभाल. त्यातच शस्त्रक्रियेनंतर शरीराची गरज साधारण पावपट किंवा त्याहूनही अधिक कमी होते, आणि गंमत अशी की भूक मात्र वाढते. म्हणून मांजर मागते आहे यावरून माप ठरवू नये. आपण स्वयंपाकघरात पाऊल टाकले की ते ओरडते. ती प्रत्येक वेळी भूकच असते असे नाही, पुष्कळदा सवय असते. पिलांना पाजणारी मांजरी मात्र याला अपवाद. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पटही लागते, आणि तिला हात आखडता घेऊ नये.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिलू आईचे दूध पीत असतानाच मऊ खाणे चाटू लागते, आणि आठ आठवड्यांचे होईतो दूध सुटते. तेथून चार महिन्यांपर्यंत दिवसाचे खाणे चार वेळा विभागून द्यावे, कारण पोट लहान आणि भूक मोठी. चार ते सहा महिने तीन वेळा, आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरते. वर्षाच्या सुमारास पिलांचे खाणे बंद करून मोठ्यांचे सुरू करावे, पण ते एका रात्रीत नव्हे. सात ते दहा दिवस जुन्यात नवे मिसळत, नव्याचा वाटा रोज थोडा वाढवत न्यावा.

बाजारातल्या कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० उष्मांक असतात. पाकिटावर ते पाहून घ्यावे. म्हणजे चार किलोंच्या घरगुती मांजराला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम झाले. एवढेसे? होय, एवढेसेच. पाकिटावरचा तक्ता ही केवळ सुरुवात समजावी. तुमच्या मांजराचे खरे माप त्याचे अंगच सांगते. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या सहज बोटांना लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. वरून पाहिले तर कंबर आत गेलेली दिसावी. बरगड्या चाचपून शोधाव्या लागल्या तर माप थोडे उतरवावे, टोचू लागल्या तर थोडे चढवावे. लहान पिलाचे वजन दर आठवड्याला करावे, मोठ्याचे महिन्यातून एकदा. मांजर उचलून स्वतः काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने राहावे आणि वजाबाकी करावी. आमच्याकडे ही वजाबाकी नातू करतो, आणि त्याचे गणित सुधारले आहे. (हशा)

आता भगिनींकडून नेहमी येणारा आक्षेप. ‘आमच्या आजीच्या वाड्यात मांजरे दूधपोळीवरच वाढली, त्यांना कोणी तोलून घातले होते?’ खरे आहे. परंतु ती मांजरे दूधपोळी आपल्या हातून खात आणि उरलेले जेवण कोठीत व परसात जाऊन करीत. उंदीर, पाली, पाखरे यांची भर त्यांना रोज मिळे. आजचे मांजर तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीशी बसलेले असते. त्याला आपण देऊ तेवढेच मिळते. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे, वाघाची मावशी आपण उगाच म्हणत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच यावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आणि हृदय दुबळे होऊन फुगते, हे १९८७ मध्ये. दूधपोळीत ते पुरेसे नाही. उलट पक्षी, पिलाला नुसते मांसच घातले तर चुना कमी पडून हाडे ठिसूळ होतात. ज्या घरांत मांसमासळी शिजत नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेले तयार खाणे आणले की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

दुधाविषयी एवढेच, की आईचे दूध सुटल्यावर पुष्कळ मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात. शिवाय हिशेब पाहा: १०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात सुमारे १०० उष्मांक असतात. पहाटे मायेने ठेवलेली ती एक वाटी म्हणजे मांजराच्या दिवसाचे जवळजवळ निम्मे जेवण! आम्ही ते चिंगीला रोज, ‘नुसते दूधच तर आहे’, म्हणून देत होतो. साय, चीज, बिस्किटाचा तुकडा, असे वरचे जे काही असेल ते दिवसाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावे. कांदा-लसूण घातलेले आपले कालवण तर मुळीच देऊ नये, ते मांजराला विषासमान आहे. आणि स्वच्छ पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले असावे.

आता ज्यांच्या घरी मांजर आधीच लठ्ठ झाले आहे, त्यांच्यासाठी. त्यांनी आमची चूक करू नये. आठवड्याला वजनाच्या शंभरात अर्धा ते एक भाग, एवढेच उतरावे. सहा किलोंच्या मांजराचे आठवड्याला ३० ते ६० ग्रॅम. माप कमी करायचे ते डॉक्टरांना विचारून. आणि मांजराने एक संपूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य तोंडातून काढू नये. त्याला उचलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे ध्यानात ठेवा.

कोठीघरातले पिलू घरी आणायला आम्ही प्रथम तयार नव्हतो. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘या वेळी मोजून घालू.’ तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. सकाळी दिवसाचे सगळे खाणे तोलून एका डब्यात काढायचे. ज्याला माया दाखवायची असेल त्याने त्याच डब्यातले चार दाणे द्यावेत. डबा रिकामा झाला की दिवस संपला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वजन लिहिले जाते. सातव्या महिन्यात डब्यात ७० ग्रॅम असत. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत वजन जरा भराभर चढलेले दिसले, तेव्हा ६५ केले, मग ६०. आज तिचे वजन तीन किलो आठशे आहे, आणि ती झोपाळ्यावर नव्हे, कपाटावर जाऊन बसते. पहाटे चहाच्या वेळी अजूनही ती आमच्याकडे पाहत बसते. तेव्हा हात आवरणे जड जाते, हे कबूल करतो. मग आम्ही तिला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवतो. त्यात उष्मांक नाहीत.

आपल्या कोठीघरात एक जुना तराजू आहे. वार्षिक धान्यवाटपाच्या दिवशी तो बाहेर निघतो, आणि कोणाला किती, हे घरातली माणसे पाहून तोलून दिले जाते. अंदाजाने कोणी ओतत नाही. तोलून दिले म्हणून त्यातली आपुलकी कमी झाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. बाकीच्या तिन्ही पिलांच्या घरच्या मंडळींना आमची एवढीच विनंती आहे की, आज घरी गेल्यावर मांजराच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवून पाहा, आणि उद्या सकाळी वाटी एकदा तोलून पाहा.