तारेविना गाव, पण हिशेबाविना नाही

(इंदूर येथे मंडळाच्या मासिक सभेत समितीच्या वतीने केलेले भाषण)



गेल्या दिवाळीनंतरच्या सभेत मंडळापुढे एक प्रस्ताव आला होता, तो आपणा सर्वांना आठवत असेल. वीस कुटुंबांनी प्रत्येकी पाच लाख रुपये घालून महू तहसिलीत जमीन घ्यावी, तिथे वस्ती करावी, वीज सूर्याची, पाणी पावसाचे, धान्य-भाजी आपल्याच शेतातली, आणि वीज कंपनीची तार वस्तीत येऊच देऊ नये, असा तो प्रस्ताव. टाळ्या भरपूर पडल्या. निवृत्तीला आलेल्या तिघांनी तर तिथल्या तिथे नावे दिली. मग कोणीतरी म्हणाले, आधी हिशेब बघा, आणि पाच जणांची समिती नेमली गेली. ते पाच जण म्हणजे आम्ही. बोलण्याचे काम आमच्यातल्या बँकेच्या कारकुनाकडे आले आहे. बी. कॉम.च्या पलीकडे शिक्षण नाही, तेव्हा यंत्रांविषयी चूकभूल द्यावी-घ्यावी. आकड्यांविषयी मात्र सवलत मागत नाही.

प्रस्तावाची थट्टा करायला आम्ही उभे नाही. आपल्या जवळच, सनावदियाला जनक पलटा मगिलिगन यांचे घर सूर्य आणि वाऱ्यावर चालते, सौर चुलीवर स्वयंपाक होतो, आणि आपल्यातले कित्येक जण ते पाहून आले आहेत. एक घर असे चालू शकते, यात शंका नाही. वीस घरांचे गाव कसे चालेल, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. म्हणून अशी गावे पूर्वी कुठे उभी राहिली आणि त्यांचे पुढे काय झाले, ते आम्ही पाहिले.

पहिले गाव बिलगाव. नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात, सातपुड्यातले आदिवासी गाव. तार तिथे पोचली नव्हती, पण उदई नदीचा धबधबा होता. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, गावकऱ्यांनी श्रमदानाने बांध घातला, पाट खणला, आणि जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. आश्रमशाळेला आणि पाड्यांना उजेड मिळाला. ‘स्वदेस’ (२००४) चित्रपटात पाण्यावर वीज करण्याचा जो प्रसंग आहे, त्यामागे बिलगावची प्रेरणा होती असे सांगतात. साडेतीन वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पुरात तो प्रकल्प उद्ध्वस्त झाला. धरण हवे होते की नको, हा वाद आज इथे नाही. आपल्या नळालाही १९७८ पासून जलूदहून नर्मदेचेच पाणी येते. आम्ही एवढेच टिपून घेतले, की यंत्रात दोष नव्हता आणि माणसांतही नव्हता. पण नदीचे काय व्हायचे, हा निर्णय दुसरीकडे झाला आणि त्या निर्णयात बिलगाव नव्हते. तार नाकारली म्हणून सरकारपासून सुटका होत नाही.

दुसरे गाव धरनई, बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातले. तीसएक वर्षे अंधारात असलेल्या या गावात जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस आणि तिच्या सहकारी संस्थांनी १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. सुमारे ४५० घरे, २४०० माणसे. देशभर गाजावाजा झाला. पण गावातले लोक मुख्यमंत्र्यांकडे मागणी करू लागले, आम्हाला खरी वीज द्या! सौर विजेवर दिवा आणि पंखा चालत असे, फ्रीज चालवायला मनाई होती. थोड्याच काळात सरकारी तारही आली, तिची वीज स्वस्त पडली, सौर विजेचे ग्राहक गळाले. पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलायला पैसा नव्हता, आणि प्रकल्प बंद पडला.

शहरातल्या आपल्या लोकांना ‘खरी वीज’ या शब्दांचे हसू येईल. आम्हालाही आधी आले. नंतर विचार केला, की ज्याला तीस वर्षे तार मिळाली नाही त्याला आपण सांगायचे, दिव्यावर समाधान मान, तारेत काय आहे? तार सोडणे ही ज्याच्याकडे ती आहे त्याची हौस असते. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी तो हक्काचा प्रश्न असतो. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या प्रस्तावात होता कामा नये.

बॅटरीचा मुद्दा आमच्या ओळखीचा निघाला. २०११च्या आसपास सरकारी अनुदानाच्या योजनेत आमच्या शाखेने घरगुती सौरदिव्यांसाठी कर्जे दिली होती. अर्ज आम्हीच भरून घेतले, शिक्के आम्हीच मारले. पहिली तीन वर्षे हप्ते नीट आले. मग एकेक बॅटरी बसली. लोक काउंटरवर येऊन विचारीत, दिवा गेला, आता हप्ता कसला? आमच्याकडे उत्तर नव्हते. खाती थकीत गेली, नोटिसा निघाल्या, आणि गरीब माणसाच्या नावावर डाग लागला. बॅटरी पाच वर्षांत जाणार हे कंपनीच्या पत्रकावर छापलेले होते. कर्ज देताना सोबत पन्नास-शंभर रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडून दिले असते, तर दुसऱ्या बॅटरीची सोय झाली असती. ते आम्हाला सुचले नाही. घसारा म्हणजे काय हे बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकलेली आम्ही माणसे!

आता आपल्या वस्तीचे आकडे. घरटी दिवसाला दोन युनिट वीज धरली तर वीस घरांना चाळीस युनिट लागतील. एक किलोवॅटची पॅनेल आपल्या मालव्यात दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे किमान दहा किलोवॅट. गळती आणि पावसाळी ढग धरता चौदा-पंधरा घ्यावीत. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतील. बॅटरी तशी टिकणार नाही. समजा बॅटऱ्यांना सहा लाख लागले आणि त्या सहा वर्षे चालल्या, तर वर्षाला एक लाख बाजूला पडले पाहिजेत. म्हणजे घरटी वर्षाला पाच हजार, महिन्याला साधारण सव्वाचारशे रुपये. हे वीजबिल नव्हे. वीज फुकट आहे असे समजून जो हे पैसे भरणार नाही, त्याच्यामुळे सातव्या वर्षी वीसही घरे अंधारात जातील. प्रस्तावाच्या कागदात जमीन आहे, बांधकाम आहे, पॅनेल आहेत. हे सव्वाचारशे रुपये कुठेच नाहीत.

पाण्याचे पाहू. आपल्याकडे वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून, वीस टक्के वाया गेले असे धरून, ७२ हजार लिटर पाणी मिळते. वीस छपरांचे १४ लाख ४० हजार. माणसे ऐंशी. माणशी १०० लिटर वापरले तर कोरड्या आठ महिन्यांना १९ लाख २० हजार लिटर लागतात, म्हणजे होळीनंतर लवकरच टाक्या रिकाम्या. माणशी ६० लिटर वापरले तर साडेअकरा लाखांत भागते आणि थोडे शिल्लकही उरते. म्हणजे हा प्रश्न टाकीच्या आकाराचा कमी आणि आपल्या आंघोळीच्या बादलीचा जास्त आहे. शेतीचे पाणी यात धरलेलेच नाही.

शेतीच्या पाण्याला प्रस्तावात बोअर लिहिले आहे. देवासकडची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना आम्ही काय सांगावे? बोअरवर बोअर मारून जमीन कोरडी झाली आणि १९९०च्या दशकात देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ पासून तिथे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा तुकडा देऊन शेततळी खणली, तेव्हा चित्र पालटू लागले. आपल्याही जमिनीत पहिला तुकडा तळ्याला गेला पाहिजे.

कारण त्या जमिनीला शेजार आहे. आम्ही पाचही जण जागा पाहायला गेलो होतो. प्रस्तावात ‘मोकळी जागा’ असे लिहिले आहे. उताराखाली भिल्लांची वस्ती आहे, पंचवीसएक घरे, आणि त्यांची एकच विहीर. एका वृद्ध बाईंनी आम्हाला पाणी दिले आणि विचारले, ‘साहब, बोअर कितने फुट का करोगे?’ आम्हाला उत्तर देता आले नाही. परत येताना गाडीत फारसे कोणी बोलले नाही.

सौर पंपावर चालणाऱ्या बोअरला वीजबिल नसते, म्हणून तो दिवसभर चालतो. आपण वर बसून त्यांची विहीर आटवली, तर आपल्या वस्तीला स्वावलंबी म्हणायचे कोणत्या तोंडाने? आणि आपण तिथे राहायला गेलो की पन्नास-साठ मतदार एका लहानशा पंचायतीत वाढतील. शिकलेले, कागद लिहिता येणारे, तहसिलीत ओळखी असलेले. या राज्यात आपल्या समाजाला कोणी विचारत नाही, अशी तक्रार या सभागृहात आपण दरवर्षी करतो. तिथे आपण त्यांना विचारणार आहोत की नाही, हे आधी ठरले पाहिजे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी त्या गावाची घोषणा. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांची ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबते. त्यांनी सरकार नाकारले नाही, कायदा वाचला आणि त्यातला आपला हक्क मागून घेतला.

आणि तमिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यात ओडनथुराई पंचायत आहे. २००६ मध्ये पंचायतीने स्वतःची बचत घातली, बँकेचे कर्ज काढले आणि ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. ती वीज सरकारी तारेतच सोडली जाते, आणि गरजेहून जास्त झालेली वीज मंडळाला विकली जाते. तार तोडली नाही, उलट तारेकडून पैसे घेतले. कारकुनाच्या नजरेने पाहाल तर हे गाव आम्हाला सर्वांत स्वावलंबी वाटले.

बंधू-भगिनींनो, यावरून आमचे मत असे झाले, की तार असावी की नसावी हा प्रश्न दुय्यम आहे. गाव टिकते ते दरमहा भरलेल्या वर्गणीवर आणि शेजाऱ्याला विचारून घेतलेल्या निर्णयावर. म्हणून समितीच्या शिफारशी अशा.

पहिली, जमिनीचा व्यवहार यंदा करू नये. विशेषतः ज्यांनी ग्रॅच्युइटीची रक्कम घालायचे ठरवले आहे, त्यांनी ती मुदत ठेवीत राहू द्यावी. आदिवासीच्या नावची जमीन असेल तर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ची आडकाठी आहे, आणि ती पळवाटेने ओलांडण्यात मंडळाचे नाव येता कामा नये.

दुसरी, इच्छुक वीस कुटुंबांनी येत्या महिन्यापासून संयुक्त खात्यात दरमहा सव्वाचारशे रुपये भरावेत आणि आपापल्या घरी पाण्याचे माप ठेवावे. इथे इंदुरात नळ असताना जो माणशी ६० लिटरवर राहू शकला नाही, तो तिथे राहणार नाही. वर्षभरात किती हप्ते चुकले, ते याच सभेत वाचून दाखवू. आमच्या पाचांपैकी दोघे त्या वीसांत आहेत, तेव्हा हा जाच आम्हालाही आहे.

तिसरी, त्या गावच्या ग्रामसभेत आपण जावे, बोलायला नव्हे तर ऐकायला. बोअर होणार नाही, तळे होईल आणि त्याचे पाणी खालच्या विहिरीलाही मुरेल, एवढे लेखी देण्याची तयारी असेल तरच पुढे बोलावे. त्यांनी नको म्हटले तर दुसरी जागा पाहावी.

आमचे एक ज्येष्ठ, ज्यांना आपण सारे दादा म्हणतो, परवा आम्हाला म्हणाले, ‘तुम्ही कारकुनांनी स्वप्नावर शिक्का मारलात.’ दादांचा राग आम्हाला समजतो. त्यांनी पहिले नाव दिले होते आणि त्यांच्या हातात वर्षे थोडी आहेत. पण दादा, आम्ही ‘नामंजूर’चा शिक्का मारलेला नाही. कागद अपुरे आहेत म्हणून अर्ज परत केला आहे. पूर्ण करून आणा, त्या रांगेत आम्हीही उभे आहोत. आणि त्या बाईंचा प्रश्न आमच्याकडे अजून तसाच आहे. पुढच्या वेळी त्या वस्तीत जाताना तुम्ही आमच्यासोबत या, आणि त्यांना उत्तर तुम्हीच द्या.

खाते उघडण्याचे फॉर्म आम्ही आणले आहेत. सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर मिळतील.