खेळाडू पळतो की पळविला जातो?

सालेकसा-देवरीकडचा एखादा मुलगा कबड्डीत चमकला, की परप्रांतीचे विद्यापीठ शुल्कमाफी, वसतिगृह आणि खुराक देऊन त्याला नेते. इकडे आपण त्यास कृतघ्न ठरवितो. हा अन्याय आहे. खेळ हे श्रम आहेत. धानाचा हंगाम सरल्यावर आपली माणसे मजुरीसाठी नागपूर गाठतात. त्यांना कोणी कृतघ्न म्हणते काय?

आंतरविद्यापीठीय क्रीडाकर्तृत्वाचा २०२४ चा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक चंडीगड विद्यापीठाने पटकावला, दुसरे स्थान लव्हली प्रोफेशनल विद्यापीठाचे. दोन्ही खासगी! अमेरिकेत ‘हौशी’ या गोंडस नावाखाली महाविद्यालयीन खेळाडूंना दीर्घकाळ वेतन नाकारले गेले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने तेथील महाविद्यालयांना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. ते सोवळे अखेर सुटले.

तेव्हा खेळाडूला मानधन उघडपणे, लेखी कराराने आणि दुखापतीच्या विम्यासह द्या. परंतु त्याला घडविणाऱ्या अनुदानित शाळेचे काय? फुटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या रकमेतील ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा, खेळाडूला १२ ते २३ या वयात तयार करणाऱ्या क्लबांना मिळतो. तसाच वाटा देवरीच्या मैदानाला मिळावा. आंतरविद्यापीठीय स्पर्धा भरविणाऱ्या भारतीय विद्यापीठ महासंघाने तो नियमात घालावा, आणि वाटा न भरणाऱ्या विद्यापीठाचा संघ मैदानात उतरू देऊ नये.