पडद्याची कड



मंडपाच्या अगदी कडेला, कनातीशी बसलेल्या श्रोत्यांना आमचा प्रथम नमस्कार. आजचा विषय एका अर्थाने त्यांचाच आहे. विजेच्या पडद्यावर मधोमध उमटणारे चित्र कडेलाही तितकेच स्वच्छ कसे दिसेल, याची ही हकीकत आहे.

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळी आळीत एखाद्याच घरी संच असे आणि आम्ही सारे शेजारी तिथे जमत असू. माणूस पडद्याच्या मध्यावर असला की ठसठशीत दिसे. कोपऱ्याकडे सरकला की चेहरा ताणला जाई, रेषा पुसट होत. घरधनी संचाला एक थाप मारीत. थापेने काही सुधारत नसे, कारण दोषाचे मूळ त्या संचात नव्हतेच. ते भूमितीत होते.

जुन्या संचात काचेची एक मोठी नलिका असे. तिच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे, आणि लोहचुंबकीय क्षेत्र त्याला डावीउजवीकडे, वरखाली वळवून पडद्यावर चित्र रेखाटी. आपल्याकडे 625 ओळींचे चित्र सेकंदाला 25 वेळा. आता असे समजा, की पडदा सपाट आहे आणि झोत वळतो त्या ठिकाणापासून त्याचा मध्य 30 सेंटिमीटर दूर आहे. झोत 55 अंशांत वळवून कोपऱ्यात पाठवला, तर त्याला सुमारे 52 सेंटिमीटर जावे लागते. मध्यासाठी नेमका जुळवलेला बिंदू कोपऱ्यात पसरणार, हे उघडच आहे. शिवाय समान वळणाला कडेकडे अधिक अंतर पडते. म्हणून चौकोनाचे कोपरे बाहेर ओढले जात आणि बाजू आत दबत. शिंप्याची टाचण्या खोचायची गादी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो आकार कळेल.

यावर उत्पादकांनी प्रथम काय केले? कड झाकली! चित्र पडद्यापेक्षा किंचित मोठे ठेवायचे, म्हणजे त्याची किनार चौकटीआड जाई. कार्यक्रम करणाऱ्यांनाही सांगितलेले असे, की अक्षरे कडेपासून आत ठेवा. कडेचे वाचता येत नाही, तर कडेला लिहूच नका, असा हा न्याय झाला! करमणुकीपुरता तो चालला. पुढे संगणक आला आणि त्याच पडद्यावर हिशेबाचे तक्ते दिसू लागले. तक्त्याची बेरीज तर उजव्या कडेलाच असते. ती झाकणार कशी?

तेव्हा खरी दुरुस्ती करणे भाग पडले. तिचे तत्त्व असे, की मध्याला लागू पडणारे माप कडेवर लादायचे नाही. झोत जिथे असेल त्या जागेचे माप त्याला द्यायचे. पडद्याच्या मधल्या ओळी रेखताना आडवा फेर थोडा वाढवायचा, वरच्या आणि खालच्या ओळींना थोडा आखडायचा. म्हणजे दबलेल्या बाजू सरळ होतात. झोत कडेकडे जाऊ लागला की त्याला एकत्र ठेवणारा विद्युत्दाबही क्षणोक्षणी बदलायचा. सेकंदाला 15,625 ओळी. त्यांतल्या प्रत्येक ओळीत हे घडावे लागे.

रंगीत संचात एकाऐवजी तीन झोत आले आणि कडेला तिघांची ताटातूट होऊ लागली. चुंबकीय क्षेत्रच मुद्दाम असमान करून त्यांना एकत्र आणले, तर त्या असमानतेने कोपऱ्यातला बिंदू लांबट झाला! मग त्यालाही वेगळा उपाय करावा लागला. एका औषधाने दुसरा विकार उठावा, तसाच हा प्रकार.

आता ती नलिका बाजारातून गेली. द्रवस्फटिकांच्या सपाट पडद्यात प्रत्येक बिंदूची जागा पक्की असते. रेषा वाकत नाही. मग कडेची तक्रार संपली का? नाही. मागचा उजेड सगळीकडे सारखा पसरत नाही. पडदा 60 सेंटिमीटर रुंद असेल आणि आपण तितक्याच अंतरावर समोर बसलो, तर कडेकडे आपली नजर सुमारे 27 अंश तिरपी जाते. पडदा साध्या जातीचा असेल तर तेवढ्यानेही रंग बदललेला दिसतो. फुफ्फुसाच्या क्ष-किरण चित्रातली करडी छटा मध्यावर एक आणि कडेला दुसरी दिसू लागली, तर डॉक्टरांनी कशावर विसंबावे?

म्हणून अशा कामाचे पडदे जागोजाग मोजतात आणि त्यांचा उजेड समान करतात. पण कडेजवळचा उजेड वाढवायला बहुधा वावच उरलेला नसतो. अशा वेळी उपाय एकच: मध्याचा उजेड थोडा कमी करायचा. एकूण पडदा किंचित मंद होतो, पण प्रत्येक कोपरा खरे बोलू लागतो.

दुकानात पडदा घेताना आपण मधले झगमगीत चित्र पाहून भुलतो. आमची विनंती इतकीच, की एकदा पांढरा पडदा लावायला सांगा, मग करडा, आणि चारही कोपरे न्याहाळा. मध्य कोणीही चांगला करील. कारागिराची परीक्षा कडेला होते.

कनातीशी बसलेल्या मंडळींना आमचे बोलणे ऐकू आले असेल, अशी आशा करून आम्ही आपली रजा घेतो.